दहा टक्क्यांची पाठचिकित्सा

'चिकित्सक विचार' ही संज्ञा अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत आता इतकी रुळली आहे, की तिचीच चिकित्सा करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती आहे, अभ्यासपत्रिकांच्या प्रस्तावनांत ती आहे, आणि परीक्षा जवळ आली की 'चिकित्सक विचाराची वैशिष्ट्ये सांगा' अशा प्रश्नाच्या रूपाने ती वर्गातही अवतरते. विद्यार्थी वैशिष्ट्ये पाठ करतो, लिहितो, गुण मिळवतो आणि मोकळा होतो. ज्या गुणाने घोकंपट्टीला आवर घालायचा, तोच घोकंपट्टीचा विषय व्हावा, यात विद्यार्थ्याचा दोष फारसा नाही. चिकित्सा व्याख्येने येत नाही. ती कशाची तरी करावी लागते, आणि ज्यावर आपला मनापासून विश्वास आहे अशा एखाद्या गोष्टीची केली तरच तिचा कस लागतो. मेंदूविषयी समाजात रूढ असलेल्या समजुती या कामासाठी फार सोयीच्या आहेत. हे काम मानसशास्त्राच्या वर्गाइतकेच मराठीच्या वर्गातही व्हावे, असे आमचे मत आहे.

आधी आमची कबुली. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी प्रथम वर्षाच्या स्वागत समारंभात आमच्यापैकी कोणीतरी बोलतो, आणि त्या भाषणात एक वाक्य हटकून असे : माणूस आपल्या मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, उरलेले नव्वद टक्के तुमची वाट पाहत आहेत. या वाक्याला टाळ्या पडत. ते आम्ही कुठे वाचले, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाला पाठचिकित्सा शिकवत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ओवीची जुनी प्रत शोधतात म्हणता. मग तुमच्या त्या दहा टक्क्यांची जुनी प्रत कुठली?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्यापाशी नव्हते. एका शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घावरून हस्तलिखितांची साक्ष काढणारे आम्ही, शेकडो विद्यार्थ्यांसमोर एक वाक्य वर्षानुवर्षे उच्चारत होतो आणि त्याचा साधा कालनिर्णयही आम्ही केला नव्हता.

पाठचिकित्सा मराठीला नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि १९६६ साली ते तडीस नेले. या आवृत्तीला आपण 'चिकित्सक' म्हणतो, तेव्हा तो शब्द नुसते गौरवपर विशेषण नसतो. उपलब्ध प्रतींपैकी जुनी कोणती, कोणत्या प्रतीत कोणता शब्द बदलला, हा बदल अनवधानाने झाला की हेतुपुरस्सर, आणि तो कोणाच्या सोयीचा होता, हे विचारण्याची ती कार्यपद्धती असते. हीच पद्धती त्या दहा टक्क्यांच्या वाक्याला लावून पाहायचे आम्ही ठरवले.

फळ्यावर तीन 'प्रती' लिहिल्या. पहिली, अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्या 'माणसांच्या ऊर्जा' अशा अर्थाच्या शीर्षकाचा १९०७ सालचा लेख. आपल्या संभाव्य मानसिक आणि शारीरिक शक्तींचा लहानसा भागच आपण वापरतो, असा त्यातील विचार आहे. दुसरी, डेल कार्नेगी यांच्या १९३६ सालच्या सुप्रसिद्ध पुस्तकाला लोवेल थॉमस यांनी लिहिलेली प्रस्तावना. सर्वसाधारण माणूस आपल्या सुप्त मानसिक क्षमतेचा दहा टक्केच विकास करतो असे जेम्स म्हणत असत, असे ती सांगते. तिसरी, २०१४ सालचा 'ल्यूसी' हा चित्रपट. त्यातील प्राध्यापक भर सभेत सांगतो की माणूस आपल्या मेंदूचा दहा टक्के भाग वापरतो. आणि नायिका शंभराकडे जाऊ लागताच तिला काहीच अशक्य राहत नाही.

मग विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की पाठभेद नोंदवा. त्यांनी जे नोंदवले ते आमच्या अपेक्षेपेक्षा बारकाईचे होते. 'लहानसा भाग' जाऊन 'दहा टक्के' आले. 'मानसिक आणि शारीरिक शक्ती' यांतील शरीर गळाले. 'क्षमता' होती तिथे 'मेंदू' आला. म्हणजे जे अमूर्त होते त्याला वजन आणि आकार आला. 'विकास करणे' होते तिथे 'वापरणे' आले. एका विद्यार्थिनीने सर्वांत महत्त्वाचा भेद टिपला : पहिले वाक्य माणसाच्या आळसाविषयी आहे, तिसरे मेंदूच्या रचनेविषयी आहे. पहिले नीतिपर, दुसरे प्रेरणादायी, तिसरे शास्त्रीय असल्याचा आव आणणारे. पाठचिकित्सेतला एक संकेत असा, की दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. जेम्स यांचे म्हणणे अवघड होते, कारण त्यात मोजता येण्यासारखे काही नव्हते. आकडा आला आणि वाक्य सोपे झाले. आकडा आला म्हणजे कोणीतरी मोजले असणार, असे आपण धरून चालतो. या वाक्यात मोजणारा कोणीच नाही.

वाक्याची वंशावळ सदोष निघाली म्हणून वाक्य खोटे ठरत नाही, हेही वर्गात सांगावे लागते. प्रक्षिप्त ओवीसुद्धा सुंदर असू शकते. म्हणून पुढचा प्रश्न : हे खरे असते तर आणखी काय काय खरे असावे लागले असते? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो खर्च करतो. नव्वद टक्के निकामी असलेल्या अवयवावर शरीराने इतका खर्च का करावा? याहून नेमका युक्तिवाद एका विद्यार्थ्याने केला. त्याच्या आजोबांना पक्षाघात झाला होता. मेंदूतल्या एवढ्याशा गुठळीने त्यांची वाचा गेली. तो म्हणाला, "नव्वद टक्के मेंदू रिकामा असता तर दहातल्या नऊ जणांचं काहीच बिघडलं नसतं." जीवशास्त्राचे पुस्तक न उघडता केलेले हे अनुमान होते, आणि ते निर्दोष होते.

इथे एका शब्दाचा खुलासा करणे आम्हांस आवश्यक वाटते. अशा समजुतींना इंग्रजीच्या अनुकरणाने 'मिथक' म्हणण्याचा मोह होतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो टाळावा. मिथक म्हणजे खोटी माहिती नव्हे. समूहाने आपल्या अस्तित्वाचा लावलेला तो अर्थ असतो, आणि त्याला 'हे कोणी मोजले' असे विचारणे अरसिकपणाचे ठरेल. दहा टक्क्यांचे वाक्य मोजल्याचा दावा करते, म्हणूनच त्याला तो प्रश्न विचारायचा. त्याला दंतकथा म्हणावे, लोकभ्रम म्हणावे. मिथक मात्र म्हणू नये. कोणत्या वाक्याला कोणता प्रश्न विचारावा, याचा विवेक हाही चिकित्सेचाच भाग आहे.

दुसरी दंतकथा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची आहे : डावा मेंदू तर्काचा, उजवा मेंदू कलेचा. आमचे निम्मे विद्यार्थी स्वतःला 'उजव्या मेंदूचे' समजतात आणि गणित न येण्याचे कारण म्हणून ते मोठ्या समाधानाने सांगतात. या दंतकथेचा उगम मात्र खऱ्या संशोधनात आहे. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास करून वाणीचा संबंध डाव्या अर्धगोलातील विशिष्ट भागाशी जोडला. पुढे तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा छेदण्यात आला होता. त्यांचा अभ्यास रॉजर स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि स्पेरी यांना त्यासाठी १९८१ चे नोबेल मिळाले. दोन अर्धगोलांत काही कामांची वाटणी आहे, हे यातून निश्चित झाले. पण कामांची वाटणी म्हणजे माणसांची वाटणी नव्हे. २०१३ साली यूटा विद्यापीठातील संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. काहींचा एकंदर डावा मेंदू प्रबळ आणि काहींचा उजवा, असे त्यांना आढळले नाही.

यातील विसंगती आमच्या वर्गाला चटकन कळते. बहुसंख्य माणसांत भाषेचे मुख्य व्यवहार डाव्या अर्धगोलात चालतात. म्हणजे ज्यांनी भाषा आणि साहित्य हाच विषय निवडला, तेच स्वतःस उजव्या मेंदूचे म्हणवून घेतात! उलट बोलण्यातील सूर ओळखणे, उपरोध समजणे यांत उजव्या अर्धगोलाचा वाटा मोठा आहे. एखादी ओवी ऐकून तिचा अर्थही कळावा आणि लयही, यासाठी दोन्ही अर्धगोल एकाच वेळी राबत असतात.

'त्याची अक्कल गुडघ्यात आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी गुडघा तपासायला जात नाही. तो वाक्प्रचार आहे हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. 'मी उजव्या मेंदूचा आहे' हाही मुळात असाच वाक्प्रचार. मात्र आपण रूपक आहोत हे तो विसरला आहे, आणि त्याने शास्त्रज्ञाचा अंगरखा घातला आहे. लक्षणेला अभिधा समजण्याचा हा प्रमाद ओळखायला साहित्याच्या विद्यार्थ्याइतका अधिकारी दुसरा कोण?

अंगरख्याचा प्रभाव किती असतो, याचा प्रयोगही झालेला आहे. येल विद्यापीठातील डीना वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांना मानसशास्त्रीय घटनांची काही चांगली आणि काही सदोष स्पष्टीकरणे दिली. काहींना मेंदूविषयीचे एखादे वाक्य जोडले. त्या वाक्याचा युक्तिवादाशी संबंध नव्हता. तेवढ्या जोडकामाने सदोष स्पष्टीकरणे सामान्य वाचकांना अधिक समाधानकारक वाटली. मज्जाविज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेले विद्यार्थीही फसले. तज्ज्ञ तेवढे फसले नाहीत. अलंकाराने अर्थाला शोभा यावी, ही आपली जुनी अपेक्षा. येथे अर्थ लंगडा असताना अलंकारानेच त्याला उभे केले.

आतापर्यंतचे विवेचन वाचून हा सगळा बौद्धिक खेळ आहे, असे कोणास वाटेल. आम्हालाही वाटत होते. डाव्याउजव्या मेंदूवरील तास संपत आला असताना एका विद्यार्थिनीने सांगितले, की दहावीनंतर घरच्यांनी पैसे भरून तिच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्तेची चाचणी करवून घेतली होती. अहवालात 'उजवा मेंदू प्रबळ, कला शाखा योग्य' असे होते. तिला गणितात चांगले गुण होते. अहवालामुळे ती कला शाखेत आली. तिने विचारले, "मग मी इथं चुकून आले का, मॅडम?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. लोकभ्रम दूर करण्याच्या उत्साहात आपण कोणाच्या पायाखालची फळी काढतो आहोत, याचा विचार आम्ही केला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिनेच तो अहवाल वर्गात आणला आणि तो मोठ्याने वाचायला आमची परवानगी मागितली. गर्भावस्थेत बोटांचे ठसे आणि मेंदू एकाच सुमारास घडतात, म्हणून ठशांवरून मेंदू वाचता येतो, असा त्याचा आधार. पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे न्यायशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. मग आले स्वभाववर्णन : लोकांत मिसळायला आवडते, पण कधी कधी एकांतही हवा असतो, क्षमता आहे, पण तिचे पुरते चीज झालेले नाही. 'हे कोणाकोणाला लागू पडते?' असे विचारताच जवळजवळ सगळे हात वर झाले. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हाच होता : प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे व्यक्तिगत म्हणून एकच वर्णन दिले, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. ज्या वाक्यात कोणीही मावतो, ते वाक्य कोणाविषयीच काही सांगत नाही.

तिच्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर असे : कारण खोटे होते म्हणून निवड खोटी ठरत नाही, पण ते कारण आता उरले नाही, तेव्हा इथे राहायचे असेल तर स्वतःचे कारण शोधावे लागेल, आणि जायचे असेल तरी. ती पुढे मराठीच घेणार की आणखी काही, हे तिने अद्याप सांगितलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.

अर्थात सगळे काही वाचून सुटत नाही. काही ठिकाणी कसोटीच लावावी लागते. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाने मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे वर्ग महाराष्ट्रातही भरले, आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी त्यांना आव्हान दिले. मध्यमेंदू जागृत करावा लागत नाही. उजेडात बाहुली आकुंचन पावते, ती त्याच्याच कारभारामुळे. पट्टीच्या आत नाकालगत फट राहते, तीतून खाली दिसते. ती बुजवली की वाचन थांबते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; आईवडिलांसमोर तशी मागणी करण्याचे धैर्य लागते, कारण पैसे भरलेले असतात आणि मूलही त्या कौतुकात गुंतलेले असते.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मराठीच्या शिक्षकांना मेंदूतले काय कळते? फारसे नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणून आम्ही मेंदूविषयी निवाडा देत नाही. मेंदूविषयीच्या वाक्यांची तपासणी करतो आणि निवाडा ज्यांचा त्यांच्यावर सोपवतो. शिवाय नुसती माहिती या रोगावर उतारा नाही. सान डेकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधील २४२ शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूविषयीच्या सांगितलेल्या लोकभ्रमांपैकी सरासरी ४९ टक्के त्यांना खरे वाटले. आणि ज्यांना मेंदूची सामान्य माहिती अधिक, त्यांचा अशा भ्रमांवरील विश्वासही अधिक होता. वाचनाची हौस आहे पण वाचलेले पारखण्याची सवय नाही, अशा माणसांची ही गत. आम्ही त्याच जातीचे होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे शिकवल्याने मुले चिकित्सक न होता केवळ कुत्सित होतील. घरी जाऊन आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांना हसतील. हे घडते, आम्ही पाहिले आहे. त्यावर एकच उपाय आम्हाला सापडला : कसोटी आपल्या बाजूच्या वाक्यालाही लावायची. मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात, हा आकडा कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत होता आणि तोही मोजणीच्या भक्कम आधाराशिवाय. ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी पद्धत वापरून मोजणी केली, तेव्हा २००९ साली सुमारे ८६ अब्ज हा आकडा पुढे आला. दंतकथा भोंदूंच्या जाहिरातीतच असतात असे नाही; त्या विद्वानांच्या ग्रंथांतही सुखाने नांदतात. फरक इतकाच, की दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी उठून पुन्हा मोजायला बसतो, आणि त्याचे म्हणणे मानले जाते. हे एकदा कळले की आईला हसण्याची मुलांना तितकीशी घाई राहत नाही.

राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासा विकसित करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. त्यासाठी वेगळी अभ्यासपत्रिका निघेल तेव्हा निघो. आमची सूचना लहान आहे. प्रत्येक सत्रात एक तास, एक वाक्य. वाक्य असे निवडावे की जे शिक्षकाने स्वतः कधीतरी विश्वासाने उच्चारले आहे. त्याच्या प्रती शोधाव्यात, पाठभेद मांडावेत, आणि ते खरे असते तर आणखी काय खरे असावे लागले असते, हे मुलांना विचारावे. गेल्या स्वागत समारंभात आम्ही दहा टक्क्यांचे वाक्य पुन्हा म्हटले, आणि लगोलग फळ्यावर त्याची वंशावळही लिहिली. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडल्या. मात्र कार्यक्रम संपल्यावर तिघेचौघे मागे थांबले, आणि त्यांतल्या एकाने आमच्याच भाषणातले दुसरे एक वाक्य उचलून विचारले, की हे कुठून आले. ते आम्ही अजून शोधतो आहोत. सहकाऱ्यांनी आपापल्या भाषणांतील अशी वाक्ये कळवावीत, ही विनंती.